जड गोळीचं कार्ड

तडवीबाबांनी माझ्या टेबलावर काडतुसांच्या तीन रिकाम्या पुंगळ्या ठेवल्या. आडव्या, बुडं माझ्याकडे करून.

"वाच," ते म्हणाले.

"काय वाचू बाबा? यांच्यावर तर काही लिहिलेलं नाही."

"मला अक्षर येत नाही, तरी मी वाचलं. तू तर मॅट्रिक."

मी वाकून पाहिलं. पुंगळीच्या बुडात मधोमध एक बारकी कॅप असते. पिस्तुलाचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. गोळी सुटून गेल्यावरही त्या कॅपची कड गोल राहायला हवी, नव्या सदऱ्याच्या बटणासारखी. या तिन्ही कॅपा बैलगाडीच्या चाकाखाली सापडल्यासारख्या चपट्या झाल्या होत्या. तिसरीच्या कडेला काजळ धरलं होतं. म्हणजे धूर जिथून यायला नको तिथून आला होता.

"कार्डात काय होतं, अन् तू काय भरलं?"

"कार्डाप्रमाणे भरलं," मी म्हणाले.

खोटं बोलले. तोंड वर करून, डोळ्याला डोळा देऊन बोलले. तडवीबाबांनी पुंगळ्या उचलून खिशात टाकल्या, "बरं" म्हणाले आणि गेले.

मी कुणाचे उपकार मानत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती खरी आहे. ज्यांनी माझ्यावर उपकार केले असं ते स्वतःच गावभर सांगत फिरले, त्यांचे तर मुळीच नाही. पण या एका माणसाचं देणं लागते, आणि ते का, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. म्हणून सगळं सांगते.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. तापीच्या काठचा आमचा मुलूख, त्यात दारूगोळ्याचा सरकारी कारखाना. माझा बाप पुंडलिक सपकाळे तिथं काडतुसं भरायच्या खात्यात होता. काविळीनं गेला, आणि अनुकंपेवर त्याची जागा मला मिळाली. नुसती नोकरी नाही, अक्षरशः जागा. तेच टेबल, तोच काटा, तेच स्टूल. वय बावीस, नाव बेबी. या नावाची बाई मोठी होऊ शकते यावर साहेबलोकांचा विश्वास नसतो. नोकरी पक्की व्हायच्या आधी दोन वर्षांची परीक्षेची मुदत होती, त्यातले तीन महिने उरले होते. त्या तीन महिन्यांत काही चुकलं असतं तर नोकरी जाणार, नोकरीमागे क्वार्टर जाणार, आणि आई दोन लहान भावंडांना घेऊन मामाच्या ओसरीवर जाऊन बसणार. हे मला रोज सकाळी गेटात शिरताना आठवायचं.

गेटात शिरल्यावर बायकांना आधी खिळ्याशी थांबावं लागायचं. दारूच्या खोलीत धातू चालत नाही. म्हणून कौशल्याबाई आणि बाकीच्या बाया मंगळसूत्र काढून भिंतीवरच्या नंबराच्या खिळ्याला अडकवायच्या, आकडे-पिना डब्यात टाकायच्या. नायलॉनची साडी चालत नाही, सुतीच पाहिजे. आणि खोलीत पंखा नाही. मे महिन्यात, आमच्याकडे! कारण वारा आला की काटा हलतो. दारू वजन करायचा तो काटा इतका नाजूक की श्वास जोरात सोडला तरी डोलायचा. आम्ही तोंड बाजूला करून श्वास घ्यायचो. बायकांचा हात हलका असतो म्हणून हे काम बायकांना, असं साहेब सांगायचे. बायका वाद घालत नाहीत म्हणून, हे कुणी सांगायचं नाही.

त्या दिवशी पिस्तुलाच्या दीडशे नव्या गोळ्या लाकडी पेटीतून आल्या. नेहमीपेक्षा जड आणि थोड्या लांब. कर्णिकसाहेबांचा तो प्रयोग. नवे, हुशार, तिशीतले साहेब. दिल्लीहून पाहुणे येणार होते, दुपारी तीनला त्यांच्यासमोर साहेब स्वतः ही काडतुसं चालवून दाखवणार होते. एवढ्याशा मालासाठी मशीन कोण बदलणार? म्हणून हातानं भरायची. माझ्या हातानं.

आमच्यावरचा चार्जमन बोंडे कार्ड देऊन गेला. कार्डावर दारूचं वजन, पेन्सिलीनं. मी वाचलं आणि थांबले. नेहमीच्या हलक्या गोळीला जेवढी दारू घालतो, त्याहून कमी लिहिली होती.

"कौशल्याबाई, हे बघा. गोळी जड, अन् दारू कमी?"

"जड गाडीला बैल जास्त लागतात का कमी?" कौशल्याबाई म्हणाल्या. "बोंड्यानं परत माती खाल्ली."

परत म्हणाल्या, कारण महिन्याभरापूर्वी बोंडेनं असंच कार्ड चुकवलं होतं. आम्ही त्याप्रमाणे भरलं, सगळा माल मोडीत गेला आणि मेमो आम्हाला मिळाला. तेव्हा तो सगळ्यांसमोर ओरडला होता, "एवढं चुकलेलं दिसत होतं तर अक्कल वापरायची! डोकं काय वेणी घालायला दिलंय?"

मी बोंडेच्या खिडकीशी गेले. "बोंडेसाहेब, वजन कमी लिहिलंय असं वाटतं."

"तुला काय वाटतं ते कुणी विचारलं? आज दिल्लीची माणसं यायची आहेत. दिलंय ते भर."

महिन्यापूर्वी अक्कल वापरा, आज वापरू नका. मी परत येऊन स्टुलावर बसले. कार्डाकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. मला कुणी शिकवलेलं नव्हतं, जे शिकले ते पाहून, चोरून, पुड्याचे कागद वाचून. आपणच शिकलेल्या माणसाला एक रोग असतो. आपल्याला कळलं म्हणजे कळलंच, असं त्याला वाटतं. मी काटा खाली आणलाच नाही. जुन्या गोळीच्या वजनावरच ठेवला. जास्त नको घालायला, पण निदान तेवढी तरी पाहिजे ना, असा माझा शहाणपणा. दीडशे पुंगळ्या भरल्या, दीडशे जड गोळ्या वर बसवल्या. प्रत्येक गोळी बसवताना किंचित दाबावं लागत होतं, आत दारू करकरल्यासारखी वाटत होती. तेही मी मनावर घेतलं नाही.

पाऊण तासानं तडवीबाबा त्या तीन पुंगळ्या घेऊन आले होते.

सुभान तडवी हे प्रूफवर. म्हणजे भरलेल्या मालातून काही नग आधी चालवून बघायचे, ते खातं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा तडवी भिल्ल माणूस, पन्नाशीचा, काटकुळा. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. मळणीयंत्रात गेली असं सांगायचे. पिस्तूल शिकंज्यात आवळायचं, चापाला दोरी बांधायची, भिंतीआड जायचं आणि दोरी ओढायची. दाब मोजायचं यंत्र तेव्हा दुरुस्तीला गेलेलं होतं, तर त्या यंत्राचं काम तडवीबाबांचे डोळे करायचे. माझा बाप जिवंत असताना कधी प्रूफच्या रस्त्यानं जायचा नाही. सुटी झाली की कारखान्याच्या कोटाला लांबचा वळसा घालून घरी यायचा. आवाजाचा त्रास होतो म्हणायचा.

ते गेल्यावर अर्ध्या तासानं निरोप आला. बेबी सपकाळेला प्रूफवर बोलावलंय.

दारूखान्यात इमारती लांब लांब असतात, मध्ये मातीचे उंच बांध. मी उन्हातनं चालत गेले. पाय भाजत होते म्हणून भरभर, आणि जायचं नव्हतं म्हणून हळू. आत तिघं उभे होते. कर्णिकसाहेब, बोंडे आणि तडवीबाबा.

"तडवी, पाहुणे जेवायला बसलेत," कर्णिकसाहेब घड्याळ बघत म्हणाले. "पिस्तूल फुटलं का? नाही. तिन्ही गोळ्या लागल्या का? लागल्या. मग सही का अडवतोस?"

"कॅपा चपटल्या साहेब."

"नवीन गोळी आहे. थोडा फरक दिसणारच."

"शिकंज्याचा इस्क्रू ढिला झाला. मी आवळेल होता."

"तू म्हातारा झालास," बोंडे म्हणाला.

"झालोच ना. या कामात म्हातारं होता येतं, हेच लोकांले दाखवू राहिलो." तडवीबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, कार्ड बरोबर आहे?"

"कार्डाचं वजन मी स्वतः काढलंय. दोनदा."

"अन् ही म्हणते कार्डाप्रमाणे भरलं. मग माझंच डोकं फिरलं असेल. असं करू, ही एक मी हातात धरून मारतो. पोरगी इथं उभी राहील. काय झालं नाही तर सही घ्या, अन् वरून चहा पाजतो."

त्यांनी पिस्तूल शिकंज्यातून सोडवलं. मीच भरलेली काडतुसं लाकडी ठोकळ्यात बाजूला मांडलेली होती, तिथं गेले, आमच्याकडे पाठ केली, मॅगझिन उचललं. मग वळले आणि हाताच्या तळव्यानं ठक्कन ते पिस्तुलात बसवलं. उजवा हात पुढे केला. त्याच्याखाली डाव्या हाताचा आधार. अंगठा, दोन बोटं, आणि पुढे दोन गुळगुळीत खुंट.

मी त्या खुंटांकडे बघत होते. डोक्यात आई, क्वार्टर, मामाची ओसरी. तीन महिने. नुसतं गप्प राहायचं होतं. कदाचित काही झालंही नसतं. आधीच्या तीन गोळ्यांना कुठं काय झालं? आणि झालंच असतं तर म्हातारा म्हणालाच होता, की मीच मारतो.

"भ्यायचं काही कारण नाही ना पोरी?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

चापावरचं बोट आत जाताना मला दिसलं.

"थांबा!" मी ओरडले. "बाबा, थांबा. नका मारू. जुन्या वजनानं भरलीय. कार्डाप्रमाणे नाही. मी खोटं बोलले."

तडवीबाबांनी हात खाली केला. कर्णिकसाहेबांचा चेहरा पिठासारखा झाला. तीन वाजता पिस्तूल त्यांच्याच हातात असणार होतं, ते त्यांना आत्ता उमगलं.

बोंडेला मात्र जोर चढला. "बघा साहेब! म्हणून म्हणतो, ही अनुकंपेची भरती बंद करा. बापाचं पुण्य अन् लेकीचा उद्योग! आजच्या आज बाहेर काढा हिला." त्यानं खिशातून कागद काढला, फळीवर ठेवून एक ओळ खरडली. "कर सही. 'माझ्या चुकीमुळे जास्त दारू भरली गेली.' संपलं."

मी पेन हातात घेतलं.

"थांब," तडवीबाबा म्हणाले. माझी बाजू घेतील असं मला वाटलं. घेतली नाही. "साहेब, नियम काय आहे? भरणारीचं बयान भरणारीच्या हातानं. ही ओळ तर बोंडेसाहेबानं लिहिली."

"एकच गोष्ट आहे रे!"

"एका ओळीत मावती का एवढी गोष्ट?" ते माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "चुकलीस ते समद्यांले मालूम पडलं. ते नको सांगू. काहून चुकलीस, ते लिही. खोटं काहून बोललीस, तेबी लिही. अन् मला अक्षर येत नाही, म्हून मला समजंल असं लिही."

कर्णिकसाहेबांनी कोऱ्या कागदांचं पॅड माझ्यापुढे सरकवलं. एवढं श्रेय त्यांना देते.

लिहायला बसले आणि पहिल्या ओळीलाच अडले. "साहेब, जड गोळीला दारू कमी का लागते, ते मला अजून माहीत नाही. माहीत नसताना काय चुकले ते कसं लिहू?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि दाब, आकारमान असं काहीतरी सुरू केलं. तडवीबाबांनी मध्येच तोडलं. "हे बघ. खोलीत माणसं कोंडली, अन् दारात जाडा माणूस अडकून बसला. तो लवकर निघत नाही. अन् ही गोळी लांब आहे, म्हणजे तो आत खोलीतबी घुसेल आहे. खोली अजून लहान. आतली माणसं मग काय करतील?"

"भिंत फोडतील."

"हां. पुंगळीची भिंत. मग पिस्तुलाची. मग हाताची."

"हे मला सकाळी कुणी सांगितलं असतं तर?"

मग मी तेच वाक्य सगळ्यात वर लिहिलं. खाली मागच्या महिन्याचं कार्ड, मिळालेला मेमो, वेणीचं वाक्य, खिडकीशी झालेलं बोलणं. पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, जो पुसला की पुरावा पुसला जातो. जड गाडी आणि बैल. कौशल्याबाईंचं नाव लिहिलं नाही. बैलांची अक्कल माझीच म्हणून लिहिली, कारण काट्याला हात माझा होता. आणि शेवटी, खोटं का बोलले ते. आई, क्वार्टर, तीन महिने. चार पानं झाली. मला रडू येत होतं, पण अक्षर नीट होतं. असं वाटत होतं की कुणाच्यातरी मुस्काटात मारतेय आणि आधी स्वतःच्याच बसतेय.

"वाच आता," तडवीबाबा म्हणाले.

मी मोठ्यानं वाचलं. बोंडे मध्ये दोनदा "हे काढून टाक" म्हणाला, साहेबांनी दोनदा हातानं त्याला गप्प केलं.

वाचून झालं. तडवीबाबा भिंतीला टेकून खाली बसले होते, डोळे मिटून.

"परत एकदा वाच," ते म्हणाले.

"समजलं नाही का बाबा?"

"समजलं. परत वाच."

मी परत वाचलं, चारही पानं.

पाहुण्यांना त्या दिवशी जुनीच गोळी मारून दाखवली. दिल्लीवाल्यांना फरक कळला नाही, टाळ्या वाजवून गेले. राहिलेली एकशे सत्तेचाळीस काडतुसं मला एकेक करून मोडावी लागली. गोळी उपसायची, दारू डब्यात ओतायची, पुंगळी बाजूला ठेवायची. दोन दिवस लागले. तडवीबाबा दोन्ही दिवस शेजारी बसून होते, त्यांचं काम नसताना. फक्त मी घाई करायला लागले की खाकरायचे.

मला मेमो मिळाला, आणि परीक्षेची मुदत वर्षानं वाढली. पण नोकरी राहिली. साहेबांनी चार पानं वर पाठवली होती. बोंडे भांडारात गेला. आणि नियम आला. कार्ड शाईनं लिहायचं, कमीजास्त वजनाचं कारण भरणारीला तोंडी सांगायचं, आणि तिला शंका असेल तर काटा थांबवायचा तिला हक्क. पंधरा-वीस बायकांनी पुढं तो हक्क वापरला. मी तर इतका वापरला की साहेब मला टाळून जायचे.

आणि मी लिहायला लागले. आधी युनियनच्या पत्रकात, मग पेपरात, मग पुस्तकं. माझं लिखाण कडू आहे म्हणतात. असेल. मी अजून वाचता न येणाऱ्या माणसाला समजेल असंच लिहिते. ज्यांना वाचता येतं ते त्यानं चिडतात, त्याला माझा इलाज नाही.

गोष्ट इथंच संपली असं मी पंधरा वर्षं समजत होते.

दोन हजार तीन साली युनियनच्या एका खटल्यासाठी अपघातांचं जुनं दप्तर उपसत होते. एकाहत्तर सालची फाइल हातात आली, लढाईच्या धामधुमीतली. प्रूफवर पिस्तूल फुटलं. कामगार सुभान तडवी, डाव्या हाताची दोन बोटं. सोबत भरणाऱ्याचं बयान. एका ओळीचं, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. 'कार्डाप्रमाणे भरले.' खाली सही होती. ती सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितली होती. पुंडलिक सपकाळे.

मी रजा टाकली आणि सातपुड्याकडची एसटी धरली. बाबा रिटायर होऊन गावी राहायचे. अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

"बाबा, ते मळणीयंत्र कोणत्या सालचं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. "वाच," म्हणाले.

मी वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"मला तेव्हा कुणी वाचूनबी दाखवलं नव्हतं." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"त्याचीच पोरगी, त्याच टेबलावर, तेच शब्द. तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला ना. लय आला. म्हून तर पिस्तूल उचललं."

"खरंच मारणार होतात?"

"येडी आहे का?" म्हातारा दात नसलेल्या तोंडानं हसला. "या हाताले तीनच बोटं राह्यली होती. मॅगझिन रिकामं होतं. तुह्यासमोर भरलं का मी? पाठ करून उभा होतो."

मीही हसले. मग हसू संपलं. घरातून त्यांच्या सुनेनं पाणी आणलं. मी तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"बापानं तुमची माफी मागितली होती?"

"चौदा-पंधरा वर्षं माझ्या रस्त्यानं गेला नाही तो. कोटाला वळसा घालून जाये, उन्हातान्हात. ते माफी मागणंच झालं." त्यांनी सूप बाजूला सारलं. "पुंडलिक वाईट नव्हता. भ्याला. त्याच्यापुढं कुणीतरी एक ओळ लिहून ठेवली, त्यानं सही ठोकली. काहून चुकलं, हे त्याले कुणी इचारलंच नाही. मीबी नाही इचारलं. हात घेऊन बसलो होतो, माणूस काय इचारंल? पण मग तो मेला, अन् राहून गेलं."

मी हातातल्या कागदाची घडी केली.

"तुही चार पानं मी दोनदा वाचायला लावली. आठवतं?"

"आठवतं. तुम्हाला समजलं नाही असं वाटलं मला."

"पहिल्या बारीले समजलं होतं," ते म्हणाले. "ती तुही म्हणून ऐकली. दुसऱ्या बारीले पुंडलिकची म्हणून ऐकली."